ठोक्याने छापलेली नावे

आपल्या बहुतेक घरांत जुन्या कागदांची एक पिशवी किंवा पत्र्याची पेटी असते. त्यात मुंबईच्या नोकरीतल्या पगाराच्या चिठ्ठ्या, प्रॉव्हिडंट फंडाचे उतारे, विजेची बिले आणि इकडे आल्यानंतरचे तलूश जपून ठेवलेले असतात. हे कागद शेजारी शेजारी मांडून पाहा. एकावर आपले नाव फक्त मोठ्या इंग्रजी अक्षरांत आहे आणि आडनावाचा शेवट तुटलेला आहे. दुसऱ्यावर ते हिब्रूत आहे, पण स्वरचिन्हे नसल्यामुळे वाचणारा अंदाजाने वाचतो. तिसऱ्यावर स्पेलिंगच निराळे. एकाच माणसाची तीन-चार नावे! मग नातवंडे विचारतात, "सबा, आपले खरे आडनाव कोणते?"

यात दर वेळी कारकुनाचा निष्काळजीपणा होता असे नाही. पुष्कळदा कारण त्या काळच्या छपाई यंत्रात होते. तरुणपणी मी मुंबईत एका कारखान्याच्या संगणक विभागात कामाला होतो, आणि इकडे आल्यावरही काही वर्षे हिशेब खात्यात छपाईचे काम पाहिले. त्यामुळे ही यंत्रे जवळून पाहिली आहेत. त्यांची रीत समजली की जुने कागद वाचणे सोपे होते, म्हणून हा लेख.

ठोका म्हणजे काय

आजचे घरगुती यंत्र कागदावर शाईचे बारीक थेंब उडवते, किंवा लेसरच्या साहाय्याने शाईची पूड चिकटवते. जुनी यंत्रे कागदावर ठोका मारत. टाइपरायटर आठवा. कळ दाबली की लोखंडी दांडी उठते, तिच्या टोकावरचे अक्षर शाईच्या रिबनवर आपटते आणि रिबनमागच्या कागदावर अक्षर उमटते. संगणकाची जुनी छपाई यंत्रे याच तत्त्वावर चालत. फरक एवढाच की बोटाच्या जागी विजेचे चुंबक होते.

तारघरातला टेलिप्रिंटर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १९६३ मध्ये निघालेले टेलिटाइप कंपनीचे ३३ क्रमांकाचे यंत्र पुढे संगणकालाही जोडले जाऊ लागले. ते सेकंदाला १० अक्षरे छापी आणि त्यात फक्त मोठी इंग्रजी अक्षरे होती. चार ओळींच्या उत्तरासाठी हा वेग चालून जाई. पण हजारो कामगारांचा पगार एका रात्रीत छापायचा तर निराळे यंत्र हवे होते.

एका सेकंदाला दहा ओळी

ते यंत्र म्हणजे लाइन प्रिंटर. नावाप्रमाणे हा अक्षर अक्षर न छापता ओळच्या ओळ छापी. त्यातला सर्वांत गाजलेला आयबीएमचा १४०३. तो १४०१ या संगणकाबरोबर १९५९ मध्ये बाजारात आला. १९६० च्या दशकात भारतातल्या मोठ्या कंपन्यांनी १४०१ संगणक भाड्याने घेतले होते. पुढे १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला व्यवहार आवरला, तरी तिची यंत्रे काही ठिकाणी नंतरही चालत राहिली.

१४०३ च्या पोटात अक्षरांची एक साखळी आडवी फिरत असे. छापखान्यात खिळे असतात तसे हे पोलादी खिळे साखळीवर बसवलेले. एका संचात ४८ चिन्हे : २६ अक्षरे, १० आकडे आणि १२ इतर खुणा. हा संच साखळीवर पाच वेळा आलेला, म्हणजे एकूण २४० खिळे. ओळीत १३२ जागा आणि प्रत्येक जागेसाठी कागदामागे एक छोटी हातोडी. साखळी सतत फिरत राही. हवे ते अक्षर नेमके समोर आले की त्या जागेची हातोडी मागून कागदाला धक्का देई, कागद रिबनवर आणि रिबन खिळ्यावर आपटे. कोणता खिळा कोणत्या क्षणी कुठे आहे याचा हिशेब यंत्र स्वतः ठेवी. मिनिटाला ६०० ओळी, म्हणजे सेकंदाला दहा. ६६ ओळींचे एक पान सात सेकंदांच्या आत बाहेर पडे.

दुसरा प्रकार पिंपाचा, म्हणजे ड्रम प्रिंटरचा. त्यात साखळीऐवजी एक पोलादी पिंप गरगर फिरे. प्रत्येक जागेसमोर पिंपाभोवती सगळी अक्षरे कोरलेली. ओळीतले सगळे 'ए' एकदम उमटत, मग सगळे 'बी', मग 'सी'. हातोडी थोडी लवकर किंवा उशिरा पडली की पिंपावरचे अक्षर ओळीच्या वर किंवा खाली सरके. साखळीच्या यंत्रात तीच चूक झाली तर अक्षर डावीकडे किंवा उजवीकडे सरके, आणि ते डोळ्याला तितके खुपत नाही. तुमच्या जुन्या कागदावर ओळ लाटेसारखी वरखाली झालेली दिसली तर तो पिंपाच्या यंत्राचा कागद समजा.

या यंत्रांचा आवाज मोठा. छपाई चालू असताना शेजारच्या माणसाशी बोलायचे तर त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागे. १४०३ च्या पुढच्या मॉडेलचे जड झाकण कागद संपला की आपोआप वर उचलले जाई. त्यावर चहाचा कप ठेवू नये, हा आमच्या खोलीत नव्या माणसाला दिलेला पहिला धडा होता.

कागदाचीही एक रीत होती. त्याला आम्ही कॉम्प्युटर स्टेशनरी म्हणत असू. एकाला एक जोडलेली, घडीवर घडी पडलेली लांबच लांब पाने. दोन्ही कडांना गोल भोके, त्यांत यंत्राचे दात अडकून कागद पुढे सरके. पुष्कळ कागदांवर फिकट हिरवे पट्टे असत, ते लांब ओळीवरून नजर घसरू नये म्हणून. कडेच्या त्या भोकांच्या पट्ट्या फाडून घरी आणल्या की मुले त्यांच्या माळा करत.

४८ चिन्हांत आपले नाव

आता नावाकडे वळू. साखळीवर चिन्हे ४८. त्यांत लहान इंग्रजी अक्षरांनाही जागा नव्हती, मग देवनागरीची गोष्टच सोडा. आपल्या लिपीत स्वर, व्यंजने, वर लागणारी वेलांटी आणि मात्रा, खाली लागणारा उकार, शिवाय जोडाक्षरे. टंकलेखन यंत्रावर मराठी उमटत होती, कारण तिथे टंकलेखकाचा हात एकाच जागी आधी व्यंजन आणि मग मात्रा ठोकू शके. मिनिटाला ६०० ओळी छापणाऱ्या साखळीवर ती सोय नव्हती. म्हणून मुंबईतल्या कामगाराचा पगार हिशेबात मराठी माणसाचा असला तरी कागदावर तो इंग्रजी मोठ्या अक्षरांतच आला.

दुसरी अडचण जागेची. माहिती आधी पंच केलेल्या कार्डावर जाई. एका कार्डावर ८० रकाने. त्यांतच कामगाराचा नंबर, खाते, हजेरी, दर आणि नाव बसवायचे. समजा नावाला २० रकाने दिले आहेत. एलायजा सॉलोमन नवगावकर हे नाव इंग्रजी स्पेलिंगने, मधल्या मोकळ्या जागा धरून, २५ रकाने खाते. मग कार्डावर उमटे एलायजा सॉलोमन आणि पुढे नुसते 'नवगा'. आपली आडनावे गावांवरून आलेली, नवगाव, पेण, चेऊल, आणि शेवटी 'कर'. आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव या आपल्या रिवाजाने आडनाव शेवटी येई, आणि कात्री चाले ती शेवटावर. काही ठिकाणी पंच करणारी मुलगी शहाणपणाने वडिलांच्या नावाचे एकच अक्षर घेई आणि आडनाव वाचे. काही ठिकाणी नेमके उलट होई. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन नोकऱ्यांच्या कागदांवर नाव निराळे दिसते.

हिब्रूची निराळी कसरत

या देशात संगणक लवकर आला. रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत वाइझॅक हा संगणक १९५५ मध्ये चालू झाला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिफ्रॅक चालू झाला तो १९६० मध्ये.

हिब्रूची अक्षरे २२. शब्दाच्या शेवटी रूप बदलणारी काफ, मेम, नून, पे आणि त्सादी ही पाच मिळवली की २७. मोजकी अक्षरे, त्यांना जोडाक्षरे नाहीत आणि स्वरचिन्हे रोजच्या लिहिण्यात गाळण्याची रीत आधीपासूनच होती. म्हणून हिब्रू खिळ्यांचा संच यंत्रावर बसवता आला. मात्र जागा कुणाची तरी घ्यायची होती. येथील ९६० क्रमांकाच्या मानकात लहान इंग्रजी अक्षरांच्या जागी ही २७ हिब्रू अक्षरे बसवलेली आहेत. म्हणजे मोठी इंग्रजी अक्षरे आणि हिब्रू अक्षरे एका कागदावर येऊ शकत, पण लहान इंग्रजी अक्षरे गेली.

याची एक गंमत अशी की यंत्र हिब्रूसाठी लावलेले नसेल तर शालोम या शब्दाच्या चार हिब्रू अक्षरांच्या जागी वाय, एल, ई, एम अशी चार लहान इंग्रजी अक्षरे उमटत. जुन्या कागदावर अशी अर्थहीन इंग्रजी अक्षरांची ओळ दिसली तर तो कुणाचा गुप्त संदेश नव्हे. ती हिब्रूच आहे, चुकीच्या संचाने छापलेली.

दिशेचाही प्रश्न होता. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, पण हिब्रूतले आकडे मात्र डावीकडून उजवीकडे वाचायचे. यंत्राला दिशेचे ज्ञान नाही. त्याला ओळीतल्या पहिल्या जागेपासून अखेरच्या जागेपर्यंतची अक्षरे क्रमाने द्यायची, ती ते छापणार. म्हणून संगणकात हिब्रू ओळ मुद्दाम उलटी करून ठेवत. पण सगळी ओळ आंधळेपणाने उलटवली तर १९४८ चे ८४९१ होते. आकडे वेगळे ओळखून सुलटे ठेवावे लागत. पत्त्यातला घराचा नंबर किंवा जन्माचे साल उलटे पडलेला एखादा जुना कागद तुमच्याकडे असेल तर त्याचे कारण हे असू शकते.

आणि स्वरचिन्हांशिवाय आपल्या आडनावांचे काय झाले? पेणकर हे नाव पे, नून, कोफ, रेश अशा चार अक्षरांत बसते. ते पेनकर, पिनकर किंवा पनकर असे कसेही वाचता येते, आणि 'ण' तर हिब्रूत नाहीच. कारकुनाने जसे वाचले तसे पुढच्या कागदावर पुन्हा इंग्रजीत लिहिले, आणि एक नवे स्पेलिंग जन्माला आले.

खिळ्याऐवजी टिंब

या अडचणीतून वाट निघाली ती टिंबांनी. डॉट मॅट्रिक्स यंत्रात अक्षराचा खिळा नसतोच. छापणाऱ्या डोक्यात बारीक तारांची एक उभी रांग असते, सुरुवातीला सात तारांची, पुढे नऊ तारांची. डोके कागदावरून आडवे सरकते आणि हव्या त्या तारा हव्या त्या क्षणी रिबनवर टोचतात. प्रत्येक टोचणीचा एक टिंब. घरासमोर आपल्या आया-आज्या ठिपक्यांची रांगोळी काढत, तसेच हे. ठिपके तेच, जोडाल तशी आकृती.

सेंट्रॉनिक्स कंपनीचे १०१ हे यंत्र १९७० मध्ये आले. त्यात सात तारा होत्या आणि ते सेकंदाला १६५ अक्षरे छापी. सात टिंबांच्या उंचीत इंग्रजीतल्या जी, पी, वाय या लहान अक्षरांच्या शेपट्या ओळीखाली उतरू शकत नव्हत्या, म्हणून ती अक्षरे वर ओढल्यासारखी दिसत. नऊ तारा झाल्यावर शेपट्यांना जागा मिळाली. १९८० मध्ये आलेले एप्सनचे एमएक्स-८० याच नऊ तारांचे. एप्सन या नावाचीही एक कथा आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी सेको समूहाने शर्यतीची वेळ मोजून छापणारी यंत्रे केली. त्या अनुभवातून १९६८ मध्ये ईपी-१०१ हे छोटे छपाई यंत्र निघाले, आणि 'ईपीचा मुलगा', इंग्रजीत सन, यावरून पुढे एप्सन हे नाव ठेवले.

यंत्राला अक्षर माहीत असण्याची गरज उरली नाही. कोणता टिंब काळा आणि कोणता पांढरा एवढे सांगितले की ते काहीही छापी : आलेफ, क, किंवा फुलाचे चित्र. तरीही देवनागरी लगेच सोपी झाली नाही. वर वेलांटी, मध्ये शिरोरेषा, खाली उकार, एवढे सारे नऊ टिंबांच्या उंचीत स्पष्ट येत नाही. म्हणून एक ओळ दोन किंवा अधिक फेऱ्यांत छापत. आधी वरचा भाग, मग कागद किंचित सरकवून खालचा. कागद केसभर जास्त सरकला तर शिरोरेषेखाली पांढरी फट दिसे. पुढे १९८० च्या दशकात २४ तारांची यंत्रे आली. जपान्यांना त्यांच्या चित्रलिपीसाठी ती हवी होती, पण त्यांचा फायदा आपल्या लिपीलाही झाला.

यंत्राला टिंब समजत होते, पण मराठी कोण शिकवणार? ते काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले आणि पुढे पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढले. तिथले जिस्ट कार्ड संगणकात बसवले की पडद्यावर आणि कागदावर भारतीय लिप्या येत. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतांचे राष्ट्रीय मानकही ठरले. आज आपल्या या अंकात मराठी डावीकडून आणि हिब्रू उजवीकडून सुखाने नांदतात. त्यांची ती वाट या टिंबांपासूनच सुरू झाली.

बंद पाकिटातली छपाई

ठोक्याचा एक गुण शाईच्या थेंबांत नाही. ठोका एका कागदातून आरपार दुसऱ्या कागदावर पोचतो. मध्ये कार्बन घातला की एका ठोक्यात तीन-चार प्रती निघत. छपाईनंतर कार्बन वेगळे काढताना आमचे हात कोळशासारखे काळे होत.

याच गुणावर बंद पगारपाकिटे चालत. यंत्राला आधीच चिकटवून बंद केलेली पाकिटे देत. बाहेरच्या बाजूने ठोका बसे आणि आतल्या कार्बनमुळे अक्षरे आत उमटत. पाकिटावर नाव तेवढे दिसे, रक्कम फक्त ते फाडणारालाच कळे. भारतात बँकांची पासबुके आणि मालवाहतुकीच्या पावत्या ठोक्याच्या यंत्रांवर छापलेल्या आजही दिसतात. जाड पुस्तक आणि अनेक प्रती, या दोन्ही कामांना ठोका लागतो.

पेटीतले कागद कसे सांभाळावेत

आता कामाच्या गोष्टी सांगतो. पेन्शन, वारसा किंवा जुन्या नोकरीचा पुरावा यांसाठी हे कागद अजूनही लागू शकतात.

रिबनने छापलेली मूळ प्रत सहसा सर्वांत टिकाऊ. काळ्या रिबनच्या शाईत काजळी असते, ती सहजी उडत नाही. जांभळी किंवा निळी शाई उजेडात फिकी पडते. कार्बनची प्रत बरी टिकते, पण ती हाताला लागते, म्हणून दोन प्रतींमध्ये साधा पांढरा कागद ठेवा. कार्बनशिवाय आपोआप उमटणाऱ्या प्रती उन्हात पुसट होतात, त्या अंधारात ठेवा. दुकानातल्या आजच्या पावत्या मात्र उष्णतेने छापलेल्या असतात आणि काही वर्षांत, कधी काही महिन्यांत, कोऱ्या होतात. जपून ठेवायची असेल तर अशा पावतीची झेरॉक्स लगेच काढा.

फाटलेल्या जुन्या कागदाला पारदर्शक चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि अक्षरांवर डाग धरते. प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंदही करू नका, अनेक कार्यालयांना मूळ कागद हातात घेऊन पाहायचा असतो. साधा लिफाफा पुरे.

आणि नावे जुळत नसतील तर कागद आकड्यांवरून जुळवा. आकडे कोणत्याही लिपीच्या यंत्रावर होतेच, आणि ते कापले जाण्याचे प्रकार कमी. मुंबईच्या कागदांवर कामगाराचा नंबर आणि प्रॉव्हिडंट फंडाचा खातेक्रमांक पाहा, इथल्या कागदांवर मिस्पार झेहूत. फक्त शून्य आणि 'ओ', तसेच एक आणि 'आय' यांत गल्लत होऊ देऊ नका. काही यंत्रे शून्याला तिरपी रेघ देत, ती याचसाठी.

एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवा : माझे नाव मराठीत असे, हिब्रूत असे, आणि या या कागदांवर ते अशा अशा रूपांत छापले आहे, ही सर्व मीच. सोबत ते नंबर लिहा, तारीख घाला, सही करा आणि तो कागद पेटीत सर्वांत वर ठेवा. जमल्यास मुलांना शेजारी बसवून हे काम करा. नवगावकर किंवा पेणकर या नावाचा नीट उच्चार आणि ते कोणत्या गावावरून आले हे त्यांना कोणताही छापील कागद सांगणार नाही. तेवढे आपल्याच तोंडून त्यांच्या कानावर पडू द्या.